चिमलेल्या गव्हाची तूट भाव भरून देत नाही

‘ऊन वाढलं, पीक घटलं तर भाव चढतो, शेतकऱ्याचं नुकसान होत नाही. कार्बन डायऑक्साइडनं पिकं उलट जोमात येतात, म्हणून तर गव्हाचं विक्रमी उत्पादन होतंय.’ हा मजकूर दर उन्हाळ्यात फिरतो. २०२२ चा गव्हाचा हंगाम समोर ठेवला की त्यातलं फारसं काही टिकत नाही.

आधी भावाचं बघू. त्या वर्षीचा मार्च १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणात गव्हाचा दाणा तेव्हा भरत होता. या काळात तापमान ३० अंशांच्या वर राहिलं की पान लवकर वाळतं, दाणा भरायचे दिवस कमी होतात. ओंबीतले दाणे मोजायला तेवढेच असतात, पण हातात घेतले की हलके लागतात. हजार दाण्यांचं वजन ४० ग्रॅमवरून ३४ वर आलं, तर एकरी २० क्विंटलचे १७ होतात. हमीभाव २,०१५ रुपये होता. म्हणजे ४०,३०० च्या जागी ३४,२५५. ही तूट भरायला क्विंटलला २,३७० रुपये हवेत. बियाणं, खत, मशागत यांचा खर्च तोवर होऊन गेलेला असतो आणि हार्वेस्टरवाला एकरावर पैसे घेतो. काही बाजारांत व्यापाऱ्यांनी हमीभावापेक्षा जास्त दिले, हे खरं. पण १३ मे रोजी निर्यातबंदी आली आणि वर जाणारा भाव अडला. सरकारी खरेदीत पंजाब-हरियाणासाठी चिमलेल्या दाण्याची मर्यादा ६ वरून १८ टक्के केली. त्यामुळे माल परत आला नाही, एवढंच. हरवलेल्या तीन क्विंटलचे पैसे कुणाकडून मागायचे?

विक्रमाचा आकडा देशाच्या बेरजेचा असतो. त्याच वर्षी फेब्रुवारीतला अंदाज १,११३ लाख टनांचा होता, हाती आले १,०७७ लाख.

कार्बन डायऑक्साइडचा गव्हाला, भाताला फायदा होतो, हे नाकारायचं कारण नाही. मात्र ज्वारी, बाजरी, मक्याला तो जवळपास मिळत नाही. शिवाय वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये पिकलेल्या गव्हात प्रथिनं, जस्त, लोह घटतं.

‘पेरणीची तारीख बदला की झालं,’ असंही वर सांगतात. महाराष्ट्रात बागायती गव्हाची वेळेवर पेरणी १५ नोव्हेंबरपर्यंतची. लांबलेल्या पावसानं खरिपाचं पीक रानात अडकलं तर ती तारीख हातात राहत नाही. उशिरा पेरलं तर हेक्टरी १०० ऐवजी १२५ किलो बियाणं लागतं, आणि दाणा भरायची वेळ नेमकी उन्हात सापडते. पंजाब कृषी विद्यापीठ उष्णतेसाठी २ टक्के पोटॅशियम नायट्रेटची फवारणी सुचवतं: एकरी ४ किलो, २०० लिटर पाण्यात, एकदा पोटरीत, म्हणजे ओंबी बाहेर पडायच्या आधी, आणि एकदा फुलोऱ्यात. दाणा चिमल्यावर फवारून उपयोग नाही, कारण तोवर पानच वाळलेलं असतं. आणि या दोन्ही फवारण्यांचा खर्च त्याच एकरावर, आधीच करावा लागतो, मार्च तापणार की नाही हे कळायच्या आत.