चुंगडीवरचा झेड

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात शेजारची आठवीतली मुलगी परवा संध्याकाळी इंग्रजीची उत्तरपत्रिका आणि खताची रिकामी चुंगडी घेऊन माझ्याकडे आली. 'फर्टिलायझर' या शब्दात तिने झेड लिहिला होता. शिक्षकांनी तो लाल शाईने खोडून तिथे एस घातला होता आणि अर्धा गुण कापला होता. "काकाजी, मग चुंगडीवर चुकीचं छापलं आहे का?" एवढेच तिने विचारले.

चुंगडीवर चुकीचे छापलेले नाही आणि तिनेही चुकीचे लिहिले नव्हते. हा शब्द इंग्रजीत दोन्ही प्रकारे लिहितात. आपल्याच देशात १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाच्या इंग्रजी नावात एस आहे, तर केंद्राच्या रसायने व खते मंत्रालयाच्या नावात झेड आहे. झेड म्हणजे अमेरिकन लेखन, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. पण ब्रिटनमधला ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोशही अशा शब्दांत झेडलाच पहिले स्थान देतो. 'कलर'मधला यू गाळण्याची गोष्ट वेगळी. ती खरोखरच अमेरिकेची असून नोआ वेबस्टरच्या १८२८ च्या शब्दकोशाने ती तिथे रुजवली.

आम्हा शेतकऱ्यांना गंधकाचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. 'सल्फर' हा शब्द ब्रिटिश वळणाने पीएच घालून लिहीत आले आहेत, आणि आपल्याकडेही तीच सवय आहे. परंतु रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे आयुपॅकने, १९९० मध्ये एफचे रूप स्वीकारले. त्यामुळे फवारणीसाठी आणलेल्या पुड्यावर एक रूप आणि मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात दुसरे, असे घडू शकते, आणि त्यात कोणाचीही चूक नसते.

शिक्षकांची अडचण मला कळते. चाळीस-पन्नास उत्तरपत्रिका तपासताना एकच रूप धरून चालणे सोपे जाते. एकाच उत्तरात मुलाने कधी एस, कधी झेड लिहिला, तर त्यांनी जरूर टोकावे. मात्र शब्दकोशात असलेल्या रूपावर फुली मारणे मला मुळीच मान्य नाही. या मुलीच्या घरी इंग्रजी वर्तमानपत्र येत नाही. कोठ्यातल्या चुंगडीवरची अक्षरे तिने लक्ष देऊन वाचली, ध्यानात ठेवली आणि परीक्षेत बरोबर उतरवली. लाल रेघ नेमकी त्या वाचनावरच पडली आहे. सोमवारी मी शब्दकोश घेऊन तिच्या वडिलांसोबत शाळेत जाणार आहे.