‘अनवाणी चाला, शुगरची गोळी सोडा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आपल्या लातूर-बीडकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “शुगर आहे? पहाटे उपाशीपोटी, अनवाणी तासभर चाला. जितका घाम, तितकी साखर कमी. महिन्यात गोळी सुटते.”

यातलं ‘चाला’ तेवढं खरं. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिनचा असर कमी झालेला असला तरी. बाकीचं एकेक बघू.

उपाशीपोटी: नुसती मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्याची शुगर सहसा फार उतरत नाही. पण ग्लिमेपिराइड (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी) किंवा इन्सुलिन चालू असेल, तर ती ७० च्या खाली जाऊ शकते. हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, बोलणं अडखळतं. अशांनी शुगर मोजायच्या मीटरवर बघूनच निघावं. ९० च्या खाली असेल तर आधी थोडं खावं. खिशात साखरेची पुडी हवीच. लो झाली की तीन चमचे साखर खायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. उपास धरून तुळजापूरला पायी निघणाऱ्यांनी डोस आधी डॉक्टरांना विचारावा.

अनवाणी: याचा मला खरोखर राग येतो. जुन्या शुगरमध्ये अनेकांचे तळपाय बधिर होतात. बाभळीचा काटा टाचेत मोडतो, माणूस दिवसभर त्यावरच चालतो आणि संध्याकाळी घरच्यांना फरशीवर रक्ताचा डाग दिसतो, तेव्हा कुठे कळतं. उन्हात तापलेल्या फरशीने आलेले फोडही असेच उशिरा सापडतात. शुगर वाढलेली असली की जखम लवकर भरत नाही, चिघळते, आणि कित्येकांची बोटं कापावी लागतात, कधी अख्खा पाय. सुती मोजे घाला, बंद बूट घाला, घालण्याआधी ते झटका. रात्री तळवे बघा. वाकवत नसेल तर आरसा धरा, नाहीतर नातवंडांना बघायला सांगा.

घाम: घामावाटे साखर उतरत नाही. मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा अंगातलं पाणी आटलं की शुगर उलट वाढू शकते. त्या दिवसांत जेवणानंतर घरातल्या घरात १०-१५ मिनिटं शतपावली करा, जेवणानंतरची शुगर त्याने नक्की कमी चढते.

महिन्यात गोळी सुटते: वजन उतरलं, व्यायाम टिकला, तर काहींचा डोस कमी होतो, काहींची गोळी सुटतेही. पण ते एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) बघून डॉक्टर ठरवतात. चालायला लागल्यावर शुगर वारंवार लो होत असेल, तर मीटरचे आकडे वहीत लिहा, ती वही डॉक्टरांना दाखवा आणि डोस कमी करायचा का, हे स्पष्ट विचारा.