एका प्रतिक्रियेला उत्तर: थायलंड, इंग्रजी आणि माझे उच्चार

नमस्कार.

थायलंडमधल्या खोन केन शहरात इंग्रजी शिकवतानाच्या माझ्या पहिल्या वर्षाबद्दलच्या लेखावर तुम्ही टोपणनावाने जी प्रतिक्रिया दिलीत, तिला दोन ओळींत उत्तर देऊन मी मोकळी झाले असते. पण ती वाचून माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनींनी फोन केला. दोघी बी.एड. झालेल्या, थायलंडला अर्ज करायच्या विचारात असलेल्या. “मॅडम, लोक असं म्हणतात का हो खरंच?” असं त्यांनी विचारलं, आणि मग सविस्तर लिहायचं ठरवलं.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की लेखात घरभाडं, जेवण, कपडे आणि इमिग्रेशनच्या रांगा एवढंच आहे, शिकवण्याबद्दल काही नाही. ९० दिवसांच्या नोंदणीबद्दलचं वाक्य चुकलं आहे. शाळांना शिक्षक पुरवणारे एजन्सीवाले सुट्टीचा पगार देत नाहीत आणि ‘नेटिव्ह’, म्हणजे इंग्रजी मातृभाषा, नसलेल्यांना कमी पैसे मिळतात, हे मी झाकलं. एवढी हौस असेल तर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवावं. आणि या सगळ्याच्या मधोमध हे वाक्य: “मराठी माध्यमातून शिकलेल्या, सांगलीकडचे उच्चार असलेल्या बाईंनी परदेशात जाऊन इंग्रजी शिकवणं ही त्या बिचाऱ्या मुलांची शुद्ध फसवणूक आहे.”

आधी नोंदणीचं सांगते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. व्हिसाची मुदतवाढ आणि ९० दिवसांची नोंद या दोन गोष्टी मी एका वाक्यात कोंबल्या होत्या. ९० दिवसांनी फक्त आपला राहता पत्ता कळवायचा असतो, त्याने मुदत वाढत नाही. मुदतवाढ वेगळी, तिला शाळेची कागदपत्रं लागतात. आणि मध्येच भारतात यायचं असेल तर निघण्याआधी री-एंट्री परमिट घ्यावं लागतं, नाहीतर मिळालेली मुदत जाते. लेखात आता तसं लिहिलं आहे. आभार.

आता त्या वाक्याकडे येते.

‘बाई’ म्हणालात त्याचं मला काही वाटलं नाही. माझ्या आईला सगळं गाव बाईच म्हणायचं, तिने आयुष्यभर तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवलं. ‘सांगलीकडचे उच्चार’ हेही खरं आहे, मी तिथलीच आहे. पण ‘बिचारी मुलं’ आणि ‘शुद्ध फसवणूक’ हे शब्द तुम्ही कशाच्या आधारावर वापरलेत? तुम्ही माझा एकही तास पाहिलेला नाही. त्या मुलांपैकी कोणाशी बोललेला नाहीत. थायलंडला फिरायला जाऊन आल्याचं तुम्हीच लिहिलंय. फिरून आलेल्या माणसाने तिथल्या शिक्षकावर इतका मोठा आरोप करताना थोडं थांबायला हवं होतं. मतभेद समजू शकते, पण ही भाषा मला मान्य नाही.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, पुढे शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए. केलं. शाळेत असताना ‘व्हेस्ट’ आणि ‘वेस्ट’ मी एकसारखेच म्हणायचे. आपला ‘व’ या दोन्ही आवाजांना पुरतो, त्यामुळे यात दोन आवाज आहेत हेच कानाला कळत नाही. ‘व्हेस्ट’साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा सोडायची, हे कॉलेजात एका सरांनी आरशासमोर उभं करून शिकवलं तेव्हा कुठे जमलं. थाई भाषेत तर तो आवाजच नाही. माझी मुलं ‘व्हॅन’ला ‘वॅन’ म्हणतात. शब्दाच्या शेवटचा ‘ल’ त्यांच्या तोंडात ‘न’ होतो, म्हणून ‘फुटबॉल’चा ‘फुटबॉन’ होतो. ‘स्कूल’मधल्या जोडाक्षरात ते मध्ये एक ‘अ’ घालतात. हे चुकतं कुठे आणि जीभ नेमकी कुठे न्यायची, हे मला माहीत आहे. माझीही जीभ मी अशीच फिरवून आणलेली आहे. मीही वर्गात आरसा नेते.

व्याकरणाचंही तेच आहे. थाई क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. ‘झालं’ किंवा ‘होणार’ अशा अर्थाचा शब्द जोडला की काम भागतं. नाम अनेकवचनात बदलत नाही. इंग्रजीतली ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं थाईत नाहीत, तशी मराठीतही नाहीत. जे आपल्या भाषेत नाहीच, ते दुसऱ्या भाषेत कशासाठी लागतं हे शोधत मी वर्षं घालवली आहेत. आमच्या शाळेत एक ब्रिटिश सहकारी होते, सज्जन माणूस, गोष्ट वाचायला लागले की वर्ग अगदी शांत व्हायचा. तसं वाचन मला जमत नाही. पण ‘सन’च्या आधी ‘द’ का आणि ‘स्टार’च्या आधी कधी ‘अ’ कधी ‘द’ का, असं एका मुलीने विचारलं तेव्हा “तसंच म्हणतात” यापलीकडे त्यांना सांगता येईना. त्यांनी त्या मुलीला माझ्याकडे पाठवलं. यात त्यांचा कमीपणा नाही. भाषा न शिकताच आलेल्या माणसाला तिचे जिने दिसत नाहीत, आणि शिकवताना नेमके तेच दाखवावे लागतात.

दुसरं असं की ही मुलं इंग्रजी बोलणार कोणाशी? थायलंडवर इंग्रजांचं राज्य कधी नव्हतं, त्यामुळे कचेऱ्यांत आणि घरांत इंग्रजी रुजलेलं नाही. त्यांना इंग्रजी लागणार ते मलेशियन, व्हिएतनामी, चिनी, भारतीय माणसाशी बोलायला. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेच्या २००७ च्या सनदेत कामकाजाची भाषा इंग्रजी असं लिहिलेलं आहे, आणि तिच्यावर सही करणाऱ्या दहा देशांतले लोक काय इंग्लंडात जन्मलेले नाहीत. लंडनचा उच्चार हाच एक उच्चार मानून मुलांना घाबरवलं तर ती तोंडच उघडत नाहीत. मी वर्गात गेले तेव्हा मागच्या बाकावरची मुलं पहिल्यांदा बोलायला लागली ती बहुधा याचसाठी, की समोरचीही कुठूनतरी शिकून आलेली आहे हे त्यांना दिसत होतं.

शिवाय खोन केन इसानमध्ये, म्हणजे थायलंडच्या ईशान्य भागात येतं. तिथे घरी इसान बोलतात, ती लाओस देशातल्या लाओ भाषेला जवळची, शाळेत बँकॉकची थाई, आणि मग इंग्रजी. घरची भाषा शाळेत बोलली की हसतात, हा अनुभव त्या मुलांना आहे. सांगलीच्या बोलीवरून पुण्यात हसून घेतलेली मी, मला तो वेगळा समजावून घ्यावा लागला नाही. आणि आज पुन्हा कोणीतरी माझ्या सांगलीकडच्या उच्चारांवर बोट ठेवतं, तेही मराठीत, याचं जास्त वाईट वाटलं.

तुम्ही म्हणता लेखात शिकवण्याबद्दल काही नाही. सकाळी फाटकावर उभं राहून प्रत्येक मुलाचा नमस्कार घ्यायचा असतो, तो घाईत डावलला तर ते मूल दिवसभर आपल्याकडे बघत नाही. आठ वाजता झेंड्यासमोर सगळ्यांबरोबर उभं राहायचं. वर्गाच्या दाराशी चपला काढायच्या. दुपारी सहकारी शिक्षिका बांबूच्या डब्यातला चिकट भात आणि सोमताम (कच्च्या पपईची कोशिंबीर) मध्ये ठेवतात, तेव्हा बाजूला बसून आपला डबा खाल्ला तर वर्षभर बाजूलाच बसावं लागतं. माशांच्या सॉसचा वास मला सुरुवातीला सोसायचा नाही, पण मी त्या चटईवर बसले. कुठल्या मुलाची आई बँकॉकला कारखान्यात आहे, कोण आजीजवळ राहतं, हे मला त्याच चटईवर कळलं. तेवढं कळल्याशिवाय चाळीसच्या वर मुलांचा वर्ग पुढे सरकत नाही. मी भाडं आणि जेवण लिहिलं ते याचसाठी. तिकडे जाणारी माणसं टिकत नाहीत ती बहुतेक वेळा धड्यांमुळे नव्हे. खोलीमालकाने लावलेला विजेचा चढा दर, दोन महिन्यांची अनामत आणि संध्याकाळचा एकटेपणा यांनी ती थकतात.

आणि फसवणुकीचा विषय तुम्ही काढलाच आहे म्हणून सांगते. पहिल्या सत्रात, बहुधा जूनमधल्या एखाद्या गुरुवारी, तिथे ‘वाई ख्रू’ असतो, शिक्षकांना वंदन करण्याचा दिवस. मुलं गुडघ्यावर सरकत पुढे येतात आणि फुलांची सजवलेली तबकं देतात. त्यात पारंपरिकपणे रुक्मिणीची (इक्झोराची) फुलं, वांग्याची फुलं आणि दूर्वा असतात. रुक्मिणीच्या टोकदार कळीसारखी बुद्धी तीक्ष्ण व्हावी, फळ धरताना वांग्याचं फूल वाकतं तशी नम्रता यावी, दूर्वेसारखी विद्या पसरावी. आपण गणपतीला वाहतो त्या दूर्वा परक्या देशातल्या बारा वर्षांच्या मुलीने माझ्या हातात दिल्या, तेव्हा मला रडू आवरलं नाही. त्या मुलांचं मी काय देणं लागते, ते मला त्या दिवशी नीट कळलं. ते तुम्ही मला सांगायची गरज नाही.

एजन्सीचं आणि पगाराचं लेखाच्या शेवटी लिहिलेलं आहे. मी ज्या एजन्सीमार्फत गेले तिने दहा महिन्यांचा करार केला आणि उन्हाळी सुट्टीत काही दिलं नाही, हे वाक्य तिथे जसंच्या तसं आहे. जाहिरातींत ‘नेटिव्ह स्पीकर’ लिहितात, त्यात भारत धरत नाहीत, पगारात फरक पडतो, हेही आहे. लेख शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं. जाणाऱ्यांनी करार किती महिन्यांचा आहे आणि वर्क परमिट व खुरुसाफाची (थायलंडच्या शिक्षक परिषदेची) परवानगी कोण काढणार हे लेखी घ्यावं, यापेक्षा त्यावर जास्त बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

आता जिल्हा परिषदेची शाळा. हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. महाराष्ट्रात २०१२ साली शिक्षकभरतीवर बंदी आली. २०१३ मध्ये टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) सुरू झाली, ती मी पास झाले. भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला, आणि शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव येण्याची वाट पाहणारे किती जण वयोमर्यादेबाहेर गेले ते त्यांच्या घरी जाऊन विचारा. त्या काळात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते, मानधन महिनोन्‌महिने यायचं नाही. आईच्या शाळेत शिकवावं, हे माझं लहानपणापासूनचं स्वप्न होतं. मी ती शाळा सोडून परदेशी पळाले असं तुम्हाला सुचवायचं असेल, तर ते तुम्ही न कळता बोललात, आणि ते मागे घ्यावं अशी माझी अपेक्षा आहे.

त्या दोघी मुलींना मी अर्ज करायला सांगितलं आहे. त्यांना लागणाऱ्या कागदपत्रांबद्दल पुढच्या लेखात लिहीन. तिथे तुमच्या सूचना जरूर द्या, ९० दिवसांची दिली तशी असेल तर मी लगेच दुरुस्ती करेन. पण पुन्हा ‘फसवणूक’ म्हणायचं असेल, तर कोणत्या मुलाची आणि कोणत्या तासाला, तेही लिहा.