थांबण्याचे झाड

पुण्यात भाचीच्या शाळेची नाणेघाटाची सहल निघायच्या दोन दिवस आधी रद्द झाली. काही पालकांनी बिबट्याचा मुद्दा काढला, शाळेने हमीपत्राचा आणखी कडक नमुना पाठवला, आणि शेवटी मुले बसने एका रिसॉर्टवर जाऊन आली. घरच्या व्हॉट्सॲप गटावर त्यावरून आठवडाभर वाद रंगला. मुलांना कापसात गुंडाळून ठेवता, असे एक बाजू म्हणे. काही झाले तर जबाबदार कोण, असे दुसरी. मी बारा वर्षे जर्मनीत असल्याने ‘तुमच्याकडे काय करतात?’ हा प्रश्न माझ्याकडे आलाच.

माझा मुलगा इथल्या जंगल-बालवाडीत, म्हणजे रानातच भरणाऱ्या बालवाडीत जातो. मागच्या वसंतात मदतनीस पालक म्हणून मी त्यांच्याबरोबर बीच वृक्षांच्या रानातल्या एका जुन्या गाडीवाटेने चाललो होतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चाकांनी ती वाट इतकी खोल गेली आहे, की दोन्ही बाजूंचे बांध मुलांच्या डोक्यावर येतात. मुले पुढे पळत सुटतात, पण वळणावरच्या ओकपाशी थांबतात आणि शेवटचा माणूस पोहोचेपर्यंत पुढे जात नाहीत. पाच वर्षांची एक मुलगी खोडाला पाठ टेकून येणाऱ्यांना मोजत होती. माझे चिरंजीव पाऊलभर पुढे सरकताच तिने त्यांना बाहीला धरून मागे ओढले. शिक्षिका काहीच बोलल्या नाहीत. डब्याआधी कॅनमधल्या पाण्याने हात धुवायचे, रानातले काही तोंडात घालायचे नाही, घरी गेल्यावर अंगावर गोचीड आहे का ते तपासायचे, हेही त्यांच्या अंगवळणी पडले आहे. वादळी वारा असेल त्या दिवशी मात्र रानात जाणेच नाही.

जबाबदारीचा प्रश्न इथे आधीच सोडवलेला आहे. 1975 च्या संघीय वन कायद्याने विरंगुळ्यासाठी रानात फिरण्याची मुभा सर्वांना दिली, पण स्वतःच्या जोखमीवर. आणि वाटेवरून चालणाऱ्या बाईच्या डोक्यावर फांदी पडल्याच्या एका खटल्यात इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2012 मध्ये सांगितले, की रानात असायचेच अशा धोक्यांसाठी वनमालकाला जबाबदार धरता येणार नाही. मुलांवर लक्ष ठेवण्याचे शिक्षकांचे कर्तव्य त्याने कमी होत नाही, आणि म्हणूनच थांबण्याचा सराव रोज होतो.

हे उचलून जुन्नरच्या डोंगरात नेऊन ठेवा, असे मी म्हणणार नाही. (परदेशाची काठी करून घरच्यांना बडवणारे आप्त मलाही सोसवत नाहीत.) इथे बिबट्या नाही, फुरसे नाही आणि सह्याद्रीचा पाऊसही नाही. तिकडे पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधब्यांवर मनाईहुकूम काढतात, त्याला मी हसत नाही. माझी तक्रार हमीपत्राबद्दल आहे. त्याने शाळा मोकळी होते, पण मुलाला कुठे थांबायचे ते कळत नाही. डोंगरातल्या पाड्यांवरची कितीतरी मुले रानवाटेनेच शाळेला जातात. कुठे एकटे जाऊ नये, कुठे मोठ्याने बोलत जावे, हे त्यांना ठाऊक असते, आणि आमच्या आठवड्याच्या वादात त्यांना विचारावे असे कोणालाच, मलाही, सुचले नाही. घाटाखालच्या गावातला एखादा वाटाड्या आधी शाळेत बोलावून मैदानावर चार दिवस सराव करून घेतला असता, तर पालकांपुढे कागदाऐवजी काहीतरी दाखवता आले असते.

भाचीने फोनवर विचारले, “मामा, त्या झाडापाशी सगळे खरंच थांबतात?” एकदा तिचा मामेभाऊ थांबला नव्हता. पुढचा आठवडाभर तो शिक्षिकेचा हात धरून, सगळ्यांच्या मागे चालला.