ओरिजनल म्हणजे कुठल्या सालचं?

सुरुवात नोटीस बोर्डावरून झाली. आमच्या धायरीच्या सोसायटीत चेअरमननी एक कागद लावला, "मागील कंपाउंडलगतचे भंगार आठ दिवसांत हलवावे." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कागदावर खाली निळ्या बॉलपेनने, आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, "भंगार कोणते ते स्पष्ट करावे."

मागच्या कंपाउंडला एकच वस्तू आहे, आणि ती आमची आहे.

टाटामोबाइल २०६. पिकअप, मॉडेल १९९०, एमएच बारा, पिवळी पाटी. आठवत नसेल तर सांगतो, ही गाडी १९८८ला टेल्कोनं काढली (टाटा मोटर्स हे नाव २००३चं, आमच्या घरात अजूनही टेल्कोच म्हणतात) आणि बनायची पिंपरीच्या कारखान्यात, म्हणजे जन्माने पुणेकर. पिंपरी पुण्यात धरायची का नाही हा वाद इथे काढू नका, लेख संपणार नाही. अण्णांचा कागदाचा धंदा होता, शुक्रवार पेठेतून रिमं भरायची, पेठापेठांतल्या प्रेसना टाकायची, आणि जूनमध्ये वह्या-पुस्तकांचे गठ्ठे घेऊन अप्पा बळवंत चौकात घुसायचं. जूनमध्ये त्या चौकात पिकअप रिव्हर्स घेणारा माणूस पुढे आयुष्यात कशालाच घाबरत नाही, अण्णा चेअरमनला का घाबरत नाहीत ते त्यावरून कळेल. गाडीच्या मागच्या फाळक्यावर त्यांनी पेंटरकडून लिहून घेतलं होतं, "आत कागद आहे. भिजवू नका, पेटवू नका, उगाच हॉर्न वाजवू नका." लहानपणी मला ह्याची लाज वाटायची. आता ते कुठल्या म्युझियममध्ये ठेवता येईल ह्याचा विचार करतो.

२०१४ला धंदा बंद झाला, अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि गाडी चिंचेखाली उभी राहिली ती राहिलीच. वर चिंचेचा पाला, आत मांजरीची तीन बाळंतपणं.

तर नोटिशीनंतर घरात मीटिंग बसली. मी म्हणलं, रिस्टोर करायची, अगदी ओरिजनल, शोरूममधून आली तशी, तोच क्रीम कलर, तेच सगळं. कारण माझं बालपण त्या क्रीम गाडीच्या हौद्यात रिमांवर बसून गेलंय, आणि पंचेचाळिशी ओलांडली की माणसाला स्वतःचं बालपण दोन लाख ऐंशी हजारात स्वस्त वाटायला लागतं. (हा आकडा मिस्त्रीचा, नंतर येतोय.) चिरंजीव इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत, त्यांचं म्हणणं, बाबा, मॉडिफाय. मॅट ब्लॅक, मोठे टायर, पुढे बुलबार म्हणजे लोखंडी गार्ड, वर लाइटचा पट्टा, हौद्यात म्युझिक सिस्टिम. त्याने मोबाइलवर कुठल्यातरी थायलंडच्या पिकअपचा व्हिडिओ दाखवला, ती गाडी जमिनीपासून इतकी वर होती की अण्णांनी विचारलं, ह्यात चढायला जिना मिळतो का वेगळा घ्यावा लागतो. बायकोचं म्हणणं, विका आणि स्वयंपाकघराचा ओटा बदला. आणि आईचं म्हणणं काय होतं ते कोणी विचारलंच नाही, ते आमच्याकडे निर्णय झाल्यावर कळतं.

कोथरूडचा मेहुणा म्हणाला, अरे व्हिंटेजमध्ये रजिस्टर कर की, फुल रुबाब. मेहुण्याला प्रत्येक विषयात एक वाक्य माहीत असतं. मी रात्री बसून वाचलं. २०२१ला केंद्राने व्हिंटेज गाड्यांचा नियम आणला, नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नवीन रजिस्ट्रेशनची फी २० हजार, सगळं छान, फक्त गाडी ५० वर्षांच्या वरची लागते. आमची व्हिंटेज होणार २०४०ला. हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "मी झालोय तीस वर्षांपूर्वीच, माझ्या नंबरात टाका व्हीए."

मग मॉडिफायचं वाचलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने जशी बनवली आणि आरसी बुकात जशी लिहिली त्यापेक्षा गाडी वेगळी करायची नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ला तेच ठणकावलंय. बुलबारला तर २०१७पासूनच केंद्राची मनाई आहे. हे मी चिरंजीवांना इतक्या आनंदाने वाचून दाखवलं की बायको म्हणाली, पोराची बाजू कायद्याने पाडलीत म्हणून पेढे वाटू नका आता.

जिंकलो असं वाटलं. रविवारी टोचन लावून गाडी नऱ्ह्यातल्या एका गॅरेजला नेली. चारही टायर बसलेले, आधी त्यात हवा भरायला अर्धा तास, मग चिखलात रुतलेली चाकं काढायला सोसायटीचे दोन वॉचमन आणि एक इस्त्रीवाला, आणि चेअरमन गॅलरीतून बघतायत, हात जोडून. नमस्कार होता का सुटकेचा निःश्वास ते समजलं नाही.

मिस्त्री साठीचे, कमी बोलणारे. गाडीभोवती एक फेरी मारली, बोटाने दार वाजवलं आणि मला विचारलं, "घरी फ्रिजला लावायचं लोहचुंबक आहे का?" माझ्या किल्ल्यांना गोव्याहून आणलेला चुंबकाचा मासा होता, तो दिला. "लावत चला," म्हणाले. मी बोनेटला मासा लावला, खट्कन चिकटला. छताला लावला, चिकटला. डाव्या दाराला वरच्या बाजूला चिकटला, मग मी तो हळूहळू खाली सरकवत आणला आणि हँडलच्या एक वीत खाली मासा सुळ्ळकन घसरून चिखलात. परत लावला, परत पडला. मडगार्डला लावला, पडला. हौद्याच्या कोपऱ्यात, पडला. केबिनच्या पायऱ्याला तर चिकटायचं नाटकसुद्धा केलं नाही. पत्रा असेल तिथे मासा टिकतो, लांबी (म्हणजे पुटी) भरलेली असेल तिथे पडतो, इतकं साधं आहे. वर गुळगुळीत क्रीम रंग, खाली बोटभर लांबी, आणि लांबीच्या खाली हवा. पाणी रबरमॅटखाली साचतं, पत्रा आतून सडतो, बाहेर फोड येईपर्यंत आतलं सगळं गेलेलं असतं. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यात पुरणपोळीत बोट जावं तसा घातला. आम्ही दोघं त्या भोकातून जमीन बघत उभे.

"दोन लाख ऐंशी," ते म्हणाले. "पेंट धरून. निघेल ते वेगळं."

'निघेल ते वेगळं' ह्या तीन शब्दांवर पुण्यातली निम्मी गॅरेज आणि सगळे इंटिरिअरवाले जगतात.

इंजिनाचं मात्र कौतुक करायला हवं. चार सिलिंडर, १९४८ सीसी, डिझेल. टाकी उतरवून धुतली, त्यातून जे निघालं त्याला डिझेल म्हणणं म्हणजे काकवीला सरबत म्हणण्यासारखं होतं, फिल्टर बदलले, नोझल करून आणले, लाइनमधली हवा काढली, हीटर दिला आणि सेल्फ मारला. तिसऱ्या सेल्फला घर्र करून उठलं आणि इतका पांढरा धूर सोडला की समोरचा वडापाववाला कढई झाकायला धावला. मी भावनाविवश. चिरंजीव व्हिडिओ काढतायत. अण्णा स्टुलावर बसून म्हणाले, "टॅपेट वाजतायत."

पार्टसाठी नाना पेठ पालथी घातली. एका दुकानात विचारलं, २०६ची टेल लॅम्पची काच आहे का, तर काउंटरवरचे काका पेपरातून डोकं वर न काढता, "२०७ची देऊ?" नको, २०६चीच. "साल?" नव्वद. "मग इथे कशाला आलात, इतिहास संशोधक मंडळात विचारा." शेजारचा माणूस चांगला निघाला, म्हणाला टाटा सिएराचं काही जमतं का बघा, त्या ह्याच चासीवरून पुढे आल्या होत्या, ९१ला. ती काच शेवटी जुन्या बाजारात बुधवारी मिळाली, पितळी समई आणि एका बंद पडलेल्या मिक्सरच्या मधे, साठ रुपयाला. त्या दिवशी मी जितका खूश होतो तितका अप्रेझललासुद्धा झालेलो नाही.

इथपर्यंत माझा पक्ष भक्कम होता. घात केला पॉलिश पेपरने.

मिस्त्रींनी बोनेटवर तळहाताएवढी जागा घासायला घेतली, रंग मॅच करायचा म्हणून. क्रीम गेला, खाली चॉकलेटी निघाला. मी म्हणलं प्रायमर असेल. चॉकलेटी घासला, खाली निळा. निळ्याखाली करडा. झाडाच्या खोडाला कडी असतात तशी गोल गोल कडी बोनेटवर दिसायला लागली आणि मधोमध, एक रुपयाच्या नाण्याएवढा, पांढरा. त्याखाली लालसर प्रायमर, मग पत्रा.

मी अण्णांकडे बघितलं.

"करडा ९१," अण्णा आठवायला लागले. "तेव्हा स्वस्तात मिळाला डबा. निळा ९२, शाळेच्या वह्यांचं मोठं काम मिळालं, त्यांचा युनिफॉर्म निळा होता, त्यांना बरं वाटावं म्हणून. चॉकलेटी तुझ्या आत्याच्या लग्नात, तिच्या सासरी पांढरपेशी गाडी दिसायला पाहिजे होती."

"आणि क्रीम?"

"क्रीम शेवटचा. ९३. तू सारखा हात लावून डाग पाडायचास, क्रीमवर शाईचे डाग दिसतात, कोणी पाडले ते कळतं."

म्हणजे माझं जे ओरिजनल होतं ते कंपनीतून पाचव्या नंबरचं होतं आणि माझ्यावर पाळत ठेवायला दिलेलं होतं. मग मी एकेक विचारायला लागलो आणि गाडी माझ्या डोळ्यादेखत उलगडत गेली. स्टिअरिंग? मॅटाडोरचं, ओरिजनल जड वाटायचं. सीट? पद्मिनी टॅक्सीची, कंबर दुखायची म्हणून. गिअरची ती पितळी मूठ, जी मी लहानपणापासून कंपनीची समजत होतो? तांबट आळीतून आणलेली. हौद्यातल्या सागवानी फळ्या? वाडा पाडला तेव्हा जिन्याच्या काढल्या, रिमं पत्र्याला लागून भिजायची. हॉर्न? अण्णा जरा थांबले. "हॉर्नचं नको विचारूस."

चिरंजीव हे सगळं ऐकत होते. शांतपणे म्हणाले, "बाबा, म्हणजे आजोबांनी ऑलरेडी मॉडिफाय केलीये."

मॉडिफाय हा शब्द अण्णांना आवडला नाही. "सोयीची केली," ते म्हणाले.

आता माझी पंचाईत बघा. कंपनीतून आली तशी करायची तर फळ्या, मूठ, सीट, फाळक्यावरची पाटी, सगळं काढून टाकायचं, म्हणजे अण्णाच काढून टाकायचे आणि दोन लाख ऐंशी हजार देऊन एक अनोळखी पिकअप घरी आणायची. आणि अण्णांची ठेवायची तर ती कुठल्या सालची? निळी ठेवू, चॉकलेटी ठेवू? चिरंजीव म्हणाले, सगळे रंग कडी कडी तसेच दिसू द्यायचे, त्याला म्हणे बाहेर पॅटिना म्हणतात आणि लोक पैसे देऊन करून घेतात. मिस्त्री म्हणाले, त्याला आम्ही गंज म्हणतो आणि लोक पैसे देऊन काढून घेतात. मी तीन रात्री झोपलो नाही. ऑफिसमध्ये प्रेझेंटेशन चालू असताना वहीत बोनेट काढत होतो.

निकाल लावला आरटीओच्या एजंटने. फिटनेस, पर्यावरण कर, इन्शुरन्स, सगळंच थकलेलं, त्यासाठी त्याने आरसी बुक मागितलं, ते आईच्या कपाटात साड्यांच्या घडीत होतं, प्लास्टिकच्या पिशवीत. त्याने रंगाच्या रकान्यावर बोट ठेवलं. पांढरा. चार वेळा रंग बदलला आणि अण्णांनी एकदाही नोंद केलेली नव्हती. आयुष्यभर लोकांना नोटिशीवर दुरुस्त्या सुचवणारा माणूस!

"दरवेळी कोण रांगेत उभं राहणार," अण्णा म्हणाले.

तर गाडी पांढरी झालीये. माझी क्रीम नाही, चिरंजीवांची मॅट ब्लॅक नाही, अंडी आणि दुधाचे क्रेट वाहणाऱ्या शेकडो पिकअप असतात तशी पांढरी. खालचा पत्रा नवीन मारला. फळ्या, मूठ, सीट राहिली, म्युझिक सिस्टिम म्हणून एक ब्लूटूथ स्पीकर डॅशबोर्डवर दोरीने बांधलाय. फाळक्यावरची अक्षरं परत लिहून घेतली, हाताने लिहिणारा पेंटर शोधायला गाडीच्या पार्टपेक्षा जास्त दिवस लागले. एकूण खर्च किती झाला ते बायकोला अजून माहीत नाही, ओटा मात्र नवीन होतोय. आणि आईचं म्हणणं होतं, पहिल्यापासून पांढरीच चांगली दिसायची.

परवा फिटनेस होऊन गाडी हातात आली आणि मी, अण्णा, चिरंजीव पुढे तिघं दाटीवाटीने बसून सिंहगड रोडने निघालो. आणि मला वाटत होतं की लोक वळून बघतील, एखादा तरी थांबवून मॉडेल विचारेल. राजाराम पुलाच्या सिग्नलला एक माणूस खरंच स्कूटर बाजूला घेऊन खिडकीशी आला. मी काच खाली केली, म्हणजे हँडल गरागरा फिरवलं, चेहऱ्यावर तयार हसू.

"काका, भाडं घेणार का? वारजे ते बिबवेवाडी. एक फ्रिज आणि लोखंडी कपाट."

मी तोंड उघडायच्या आत शेजारून अण्णांचा आवाज.

"कितव्या मजल्यावरून?"