पाच माणसांचं तर वजन, मग भीती कसली? माडीवरच्या फिशटँकबद्दलच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, माडीच्या लाकडी जमिनीवर मोठा टँक ठेवण्याआधी खालच्या तुळया बघा असं मी लिहिलं त्यावर तुमची प्रतिक्रिया वाचली, आणि दोन ओळीत उत्तर देणं बरोबर वाटलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की चार फुटी टँक म्हणजे जेमतेम पाच माणसांचं वजन, गुहागरकडच्या तुमच्या आजोळी गणपतीला मुंबईहून आलेली पंधरा-वीस माणसं माडीवरच झोपतात, भाताची पोती पण तिथेच असायची, कधी काही झालं नाही, तेव्हा लोकांना उगाच घाबरवू नका, खाली जाड प्लायवूड टाकलं की झालं.

तुमची अर्धी गोष्ट शंभर टक्के मान्य. चांगल्या सागाच्या किंवा फणसाच्या तुळया असतील, वाळवी-भुंगा लागलेला नसेल, तर टँक भरल्या भरल्या माडी खाली येईल असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. माझा मुद्दा माडी पडण्याचा नाही, वाकण्याचा आहे.

आधी वजन बघू. ४ × १.५ × १.५ फूट म्हणजे ९ घनफूट, घनफुटाला साधारण २८ लिटर, म्हणजे काठोकाठ २५५ लिटर पाणी. वरचे दोन इंच रिकामे सोडले, ग्रॅव्हलने (तळाशी टाकायच्या बारीक खड्यांनी) थोडी जागा खाल्ली, तरी २१० लिटर राहतंच म्हणजे तेवढेच किलो. १० मिमी काच चौरस मीटरला २५ किलो भरते, अशा टँकला दोन चौरस मीटरच्या वर काच लागते म्हणजे ५० किलो ती, दोन इंच ग्रॅव्हल ४० किलो, स्टँड अजून ३५-४०. झाले साडेतीनशेच्या आसपास, तुमची पाच माणसं बरोबर. पण ही पाच माणसं सहा चौरस फुटात उभी आहेत, म्हणजे चौरस फुटाला ५५-६० किलो. राहत्या खोल्यांसाठी आयएस ८७५ मध्ये, म्हणजे इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात (कोडमध्ये), चौरस मीटरला २ किलोन्यूटन म्हणजे साधारण २०० किलो भार धरतात, तो चौरस फुटाला १९ किलोसुद्धा होत नाही. आणि आपल्या जुन्या माड्या तर कोणी कोड बघून बांधल्याच नाहीत, सुताराच्या अनुभवावर बांधल्या, त्यात काही फार भक्कम आहेत काही नाहीत, बाहेरून कळत नाही.

आता झोपलेली माणसं. ती खोलीभर पसरलेली असतात आणि सकाळी उठून खाली चहाला येतात, टँक उठत नाही! लाकडाला भार किती आहे याच्याइतकंच तो किती काळ आहे हे महत्त्वाचं. थोड्या वेळाच्या चाचणीत लाकूड जेवढा भार घेतं त्याच्या सुमारे ६० टक्केच ते दहा वर्षं सतत पेलू शकतं. म्हणूनच लाकडी बांधकामाच्या आयएस ८८३ मध्ये भाराच्या मुदतीप्रमाणे वेगळे गुणक आहेत, कायमच्या भाराला १ आणि सात दिवसांच्या भाराला १.२५, म्हणजे थोड्या दिवसांसाठी तेच लाकूड सव्वापट भार घेऊ शकतं असं धरतात. शिवाय सततच्या भाराखाली लाकूड हळूहळू वाकतच राहतं, पहिल्या दिवशी जेवढं वाकलं त्याच्या दुप्पट काही वर्षांत सहज होतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाकूड फुगणार, मार्च-एप्रिलला सुकणार, हे दरवर्षीचं चक्र ते वाकणं अजून वाढवतं.

भाताच्या पोत्यांचा मुद्दा मात्र खरंच चांगला काढलात, कारण तो भार माणसांसारखा तात्पुरता नाही. पण बघा, पोती बहुतेक भिंतीकडेने लावायचे, आणि दिवाळीला भरलेला भात पुढच्या पावसाळ्यापर्यंत खाऊन निम्म्याच्या खाली यायचा, म्हणजे तुळईला दरवर्षी विसावा. आणि मुख्य म्हणजे खालची जमीन अर्धा इंच वाकली तरी पोत्याचं काय बिघडतं? काचेचं बिघडतं. एक तुळई जास्त वाकली आणि शेजारची कमी, की स्टँड पिळतो, स्टँडबरोबर टँक पिळतो, काच तर वाकायला तयार नसते, मग सगळा ताण सिलिकॉनच्या जोडावर नाहीतर तळाच्या काचेवर. हे पहिल्या आठवड्यात होत नाही, वर्ष-दोन वर्षांनी होतं, तोपर्यंत सगळे निर्धास्त झालेले असतात आणि रात्री दोनशे लिटर पाणी फळ्यांमधून माजघरात.

प्लायवूडबद्दल. टाका, जरूर टाका, १८ मिमीचा ७१० ग्रेडचा (पाण्याला टिकणारा मरीन प्लाय) टाका, कारण स्टँडचे चार पाय म्हणजे प्रत्येक पायावर ८०-९० किलो, आणि पाऊण इंची फळीच्या मधोमध पाय आला तर फळी दबते. पण प्लायवूड फळी वाचवतं, तुळई नाही. तुळईवर येणारं साडेतीनशे किलो प्लायवूडमुळे एक किलोनेही कमी होत नाही, उलट प्लायवूडचं स्वतःचं वजन वाढतं.

तुळईला आराम द्यायचा तर जागा बदला. समजा दहा फुटी तुळई आहे आणि टँक बरोबर मध्ये ठेवला तर तुळईला जो वाकवणारा जोर बसतो, तोच टँक भिंतीला चिकटवून, म्हणजे त्याचा मध्य भिंतीपासून फूटभर, असा ठेवला तर साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो, एक पैसा खर्च नाही. अट एकच, तुळया त्या भिंतीत घुसणाऱ्या पाहिजेत, म्हणजे टँकची लांबी तुळयांना आडवी येऊन तीन-चार तुळयांवर वजन वाटलं जाईल. तुळया भिंतीला समांतर असतील तर सगळं ओझं एक-दोन तुळयांवर, मग भिंतीकडेला ठेवूनही उपयोग नाही.

आणि भिंत कुठली, हे आपल्या कोकणात फार महत्त्वाचं आहे, मला वाटतं इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. पश्चिमेच्या भिंतीवर चार महिने पावसाची झोड, जांभा पाणी पितो, आणि तुळईचं जे टोक त्या चिऱ्यात बसलेलं असतं ते आतून कुजतं, बाहेरून मात्र रंग देऊन छान दिसतं. पेचकसाचं टोक भिंतीलगत तुळईत दाबून बघा, सहज आत गेलं तर तिथे टँक नको. हातोडीने हलकं ठोका, पोकळ आवाज आला तर वाळवी असू शकते. शक्यतो मधली भिंत निवडा, तिला पाऊस लागत नाही.

मनाजोगती जागा मिळतच नसेल तर खालून टेकू द्या. टँकखालच्या तुळयांना आडवा एक सर, म्हणजे जाड लाकडी वासा, त्याच्याखाली दोन टेकू. फक्त टेकू थेट शेणाच्या जमिनीवर उभा करू नका, वाळवी तिथूनच वर चढते आणि वजनाने तो खचतोही, खाली खणून घट्ट बसवलेला काळा दगड किंवा काँक्रीटचा ठोकळा हवा. लोखंडी जॅक चालतो पण खाऱ्या हवेत गंजतो, रंग द्यायला विसरायचं नाही. माझ्या घरी असाच टेकू आहे, माजघरात थोडी अडचण होते, पण त्याच खांबाला आता कंदील लागतो.

भरताना घाई नको. पाव टँक भरा, एक दिवस थांबा, मग अर्धा. प्रत्येक वेळी चारही कोपऱ्यांत पाण्यापासून वरच्या काठापर्यंतचं अंतर पट्टीने मोजून लिहून ठेवा, पाणी स्वतःच लेव्हल असतं, त्यासाठी दुसरं काही आणायला नको. फरक वाढत चालला तर जमीन एका बाजूला बसतेय, तिथेच थांबा आणि पाणी काढा. भरून झाल्यावरही हे मोजमाप पावसाळ्याआधी आणि नंतर घ्यायचंच.

तुम्ही शेवटी विचारलंय की मग माडीवर टँक ठेवायचाच नाही का, तर ठेवायचा की! दोन फुटी टँक, २ × १ × सव्वा फूट, सगळं धरून शंभर-सव्वाशे किलोच्या आत बसतो, धड तुळया असलेल्या माडीवर मधल्या भिंतीकडेला तो बिनधास्त ठेवा. चार फुटीच हवा असेल तर आजोळच्या तुळयांची जाडी, लांबी, दोन तुळयांमधलं अंतर आणि त्या कुठल्या भिंतीत जातात एवढं मोजून इथेच लिहा, खालून एक फोटो पण टाका, मी बघून सांगतो. तोपर्यंत टँकची ऑर्डर देऊ नका.