फुकटचा पगार म्हणे!

आज पुतणीचा दहावीचा बीजगणिताचा पेपर होता. तिला आणायला केंद्रावर गेलो आणि डोकं फिरवून घेऊन आलो.

गेटसमोर गाडी आडवी लावून एक गृहस्थ पर्यवेक्षक बाईंना झाडत होते. बाईंचा गुन्हा काय, तर चिरंजीवांच्या पॅडखालची चिठ्ठी त्यांनी काढून घेतली. केस केली नाही, भरारी पथकाला बोलावलं नाही. नुसती चिठ्ठी घेतली आणि ‘लिही पुढे’ म्हणाल्या. (नियमात बसतं का, मला विचारू नका.) त्यावर हा माणूस म्हणतो, "थोडं सांभाळून घ्यायला काय जातं? आमच्याच टॅक्सवर फुकटचा पगार खाता ना!" आजूबाजूचे चार पालक माना डोलावत होते.

फुकटचा पगार!

2006 साली मी दहावीला होतो. गाव मंगळवेढा तालुक्यातलं. परीक्षा आणि ज्वारीची काढणी एकदमच यायची, त्यात लोडशेडिंग. आमचे भूमितीचे सर पहाटे पाचला बॅटरी घेऊन गावातून फिरायचे. ज्या घरात दहावीचं पोर, त्या खिडकीत उजेड दिसला पाहिजे. नाही दिसला की कडी वाजलीच. मी यावर उपाय काढला. आई भाकरीसाठी उठायचीच, तिला सांगून ठेवलं की चिमणी पेटवून खिडकीत ठेव. मी गोधडीत. चार दिवस सुखात गेले. पाचव्या दिवशी सर बाहेरूनच म्हणाले, "उजेड दिसतोय, आवाज येत नाही. मोठ्यानं वाचायला सांगा त्याला."

आता आली का पंचाईत! माझी आई चौथी शिकलेली. मला हलवलं, मी उठेना. मग तिनं पिठाचे हात लुगड्याला पुसले, पुस्तक घेतलं आणि स्वतःच वाचायला लागली. अडखळत, एकेक अक्षर लावत. "काटकोन... त्रिकोणात... कर्णाचा वर्ग..." असं तीन दिवस चाललं. सर रोज दाराशी उभे राहून ऐकायचे आणि पुढच्या घराकडे जायचे.

चौथ्या दिवशी वर्गात मला उभं केलं. "तुझ्या आईचं पायथागोरस पाठ झालं. तुझं कधी होणार?"

अख्खा वर्ग हसला. मी दुसऱ्या दिवसापासून उठलो.

पहाटे पाचला फिरायचे पैसे त्यांना कोण देत होतं? त्या गृहस्थांनी सांगावं. माझा बाप काढणीला पोरगा पाहिजे म्हणून अडून बसला, तेव्हा सर रानात आले, बांधावर बसून चहा प्यायले आणि म्हणाले, "पेपर संपेपर्यंत याला सोडा, हवं तर रविवारी मी येतो काढायला." आले नाहीत म्हणा. बापानं येऊ दिलं नाही.

हो, आहेत. मस्टरवर सही करून गायब होणारे आहेत, शाळेत न शिकवता संध्याकाळी क्लासला बोलावणारेही आहेत. मलाही एक भेटलाय. पण त्याच्यामुळे निवडणुकीची, जनगणनेची ड्युटी करून, खिचडीचा हिशेब लिहून पुन्हा पेपरांचे गठ्ठे तपासणाऱ्या बाईला भररस्त्यात कुणीही बोलावं?

आणि खरं सांगू? राग त्या गाडीवाल्यापेक्षा माझाच जास्त आलाय. मीही गप्प उभा होतो. बाई काहीच बोलल्या नाहीत. पर्समधून न उघडलेला डबा डोकावत होता. जाताना त्या पोराला एवढंच म्हणाल्या, "भूमितीला रचना सोडू नको हं, मार्क मिळतात." तो मान खाली घालून "हो मॅडम" म्हणाला. बापापेक्षा पोरगा बरा.

सर पक्ष, साध्य लिहूनच घ्यायचे. "सिद्धता नाही आली तरी अर्धा मार्क कुठं जात नाही," म्हणायचे. त्या अर्ध्या-अर्ध्या मार्कांवर पास झालेली आमच्या गावात किती पोरं असतील! मी त्यातलाच. निकालाच्या दिवशी पेढे घेऊन गेलो नाही. लाज वाटली, मार्क कमी होते.

घरी येऊन आईला हे सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "भूमितीचा कधी आहे गं?" तिनं पुतणीला विचारलं. आणि मान वर न करता, न अडखळता म्हणून दाखवलं, "काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका असतो."

मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सरांचा नंबर आहे का रे तुझ्याकडं?"

नाहीये. गावाकडचं कुणी वाचत असेल तर इनबॉक्समध्ये पाठवा.